हार्टच्या चिठ्ठीवर गाउटची गोळी आली तर

"वहिनी, चिठ्ठीत चूक झालीये." काउंटरवर स्ट्रिप ठेवून गिऱ्हाईक असं म्हणालं की आता मी न बघताच ओळखते, कोल्चिसीन असणार. माणूस अँजिओप्लास्टी करून आलेला असतो. घरी गेल्यावर मुलाने मोबाइलवर गोळीचं नाव टाकलेलं असतं आणि पहिल्याच ओळीत आलेलं असतं ‘गाउट’, म्हणजे युरिक अॅसिडने सांधे सुजण्याचा आजार. "माझं युरिक अॅसिड नॉर्मल, पायाचा अंगठा ठणठणीत. मग ही कशाला?"

चिपळूणला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. मी बी. फार्म. होऊन या घरात आले आणि गेली एकवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे. त्यातली बरीच वर्षं कोल्चिसीनची चिठ्ठी हाडांच्या डॉक्टरांची नाहीतर फिजिशियनची असायची. हार्टवाल्यांकडून क्वचित यायची, तीही हृदयाच्या वरच्या आवरणाला सूज आली म्हणून. आता ब्लॉकेजच्या पेशंटला ती लिहिलेली दिसते, आणि २०२४ पासून असा एक पेशंट आमच्या घरातच आहे. स्वतः अण्णा.

गोळी सुरू करायची की नाही, हे मी सांगणार नाही. ते काम हार्टच्या डॉक्टरांचं. पण चिठ्ठी हातात पडल्यापासून पुढे काय काय बघायचं, हे मात्र मी सांगू शकते. त्यातलं काही दुकानात शिकले, काही घरात, आणि घरातलं जरा महागात पडलं.

चूक नाही, पण कारण समजून घ्या

कोल्चिसीन फार जुनं. कोल्चिकम नावाच्या झाडाचा कंद सुजलेल्या सांध्यांवर वापरायची पद्धत इजिप्तच्या पपायरसांइतकी मागे जाते. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढलं. आपल्याला ते झाड माहीत नसलं तरी तेच द्रव्य असलेलं दुसरं झाड कोकणात पावसात कुंपणाकुंपणावर चढतं. कळलावी. कोणी खड्यानाग म्हणतं, कोणी अग्निशिखा. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या वर वळलेल्या पाकळ्या. दोन माणसांच्या मध्ये ठेवली तर भांडण लावते, म्हणून लहानपणी आम्हाला तिला हात लावू देत नसत. भांडणाचं माहीत नाही, पण हात न लावू देणं बरोबर होतं. तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. "झाड परसात आहे, मग गोळी कशाला विकत घ्यायची" असं मला एकाने खरंच विचारलं होतं, म्हणून हे आधीच लिहून टाकते. कळलावीचा काढा, चूर्ण, कंद, काहीही हार्टसाठी पोटात घ्यायचं नाही.

आता गाउटची गोळी हृदयाला का? गाउटमध्ये सांध्यात युरिक अॅसिडचे सुईसारखे स्फटिक साठतात. शरीराला ते परके वाटतात, पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि अंगठा लालबुंद होऊन सुजतो. हृदयाच्या धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साठतो, त्यातही कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार होतात आणि तिथेही तीच धावपळ सुरू होते. फरक इतकाच की अंगठा ठणकतो, धमनी ठणकत नाही. आतल्या आत थर सुजत राहतो, एक दिवस फुटतो, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि अटॅक येतो.

पांढऱ्या पेशीला सरकायला, आकार बदलायला आत बारीक नळ्यांचा सांगाडा लागतो, मांडवाला बांबू लागतात तसा. कोल्चिसीन ते बांबू नीट जोडू देत नाही, त्यामुळे पेशींची झुंबड कमी होते. याच गुणामुळे शेतीशास्त्रज्ञ रोपातली गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसीन वापरतात. बिनबियांचं कलिंगड त्यातूनच आलं. म्हणजे औषध किती खोलवर जाऊन काम करतं, ते लक्षात घ्या. मात्रा अर्धा मिलिग्रॅम आहे ती उगीच नाही.

"पण गुण येतो का?"

हा प्रश्न अण्णांनी डॉक्टरांना विचारला नाही, मला विचारला. मी वाचलं ते असं.

सूज उतरवून हृदय वाचतं का, याचं पहिलं ठोस उत्तर २०१७ मध्ये कँटोस नावाच्या अभ्यासातून मिळालं. कॅनाकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनने कोलेस्टेरॉल जराही न हलवता पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण जिवावर बेतणारी इन्फेक्शन्स वाढली आणि इंजेक्शनची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. मग सगळ्यांचं लक्ष स्वस्त आणि जुन्या गोळ्यांकडे वळलं. मेथोट्रेक्सेट करून बघितलं, काही उपयोग झाला नाही. कोल्चिसीनचा झाला. कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉ. ज्याँ-क्लोद तार्दिफ यांच्या कोलकॉट अभ्यासात (२०१९) नुकताच अटॅक येऊन गेलेले ४,७४५ पेशंट होते. खोटी, म्हणजे आत औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ७.१ टक्के लोकांना पुन्हा हृदयाचं किंवा मेंदूचं गंभीर काहीतरी झालं, कोल्चिसीनवाल्यांत ५.५ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी लोडोको-२ आला. त्यात ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधले ५,५२२ जण, ब्लॉकेज असलेले पण प्रकृती स्थिरावलेले. तिथे आकडा ९.६ वरून ६.८ वर आला. शंभरातले तीन जण अशा झटक्यातून वाचले म्हणा, सव्वादोन-अडीच वर्षांत. एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. उलट हृदयाव्यतिरिक्त इतर कारणांनी झालेले मृत्यू कोल्चिसीनच्या बाजूला थोडे जास्त दिसले. तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता, पण डॉक्टर मंडळी त्यावर अजून बोलतात.

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने हृदयासाठी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मंजूर केली. २०२४ मध्ये युरोपच्या हृदयरोग संघटनेने जुन्या, स्थिर ब्लॉकेजसाठी तिचा विचार करावा असं सांगितलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी क्लिअर नावाचा सगळ्यात मोठा अभ्यास आला. १४ देश, ७,०६२ पेशंट, अटॅकनंतर अँजिओप्लास्टी झाली की लगेच गोळी सुरू. निकाल कोल्चिसीनवाल्यांत ९.१ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत ९.३. म्हणजे फरक नाहीच.

म्हणून एक डॉक्टर लिहितात आणि दुसरे लिहीत नाहीत, हे बघून गोंधळू नका. दोघांकडे कारण आहे. तुम्ही एवढंच विचारा: "माझा अटॅक ताजा आहे म्हणून देताय, की जुनं ब्लॉकेज आहे म्हणून? आणि किती दिवस?" हा प्रश्न विचारल्यावर चिडणारे डॉक्टर मी फार बघितलेले नाहीत.

अजून एक. सूज उतरवणारी गोळी हृदयाला चालते असं ऐकून दोघे-तिघे माझ्याकडे डायक्लोफेनॅक मागायला आले. सांधेदुखीच्या त्या गोळ्या हृदयाच्या अगदी उलट बाजूच्या आहेत, अटॅकचा धोका वाढवतात. रोफेकॉक्सिब नावाची त्यांचीच एक बहीण याच कारणाने सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून काढून घेतली गेली. कोल्चिसीन त्या घराण्यातलं नाही.

सुरू करण्याआधी दोन रिपोर्ट

क्रिएटिनिन आणि लिव्हर. शेवटचे कधी केलेत ते आठवत नसेल तर नव्याने करा. कोल्चिसीन बाहेर पडतं ते लिव्हर आणि किडनीच्या वाटेने. वाट अरुंद असेल तर अर्धा मिलिग्रॅमही रोज थोडं थोडं साठत जातं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर खाली ‘ईजीएफआर’ असा आकडा असतो, किडनी किती काम करते ते सांगणारा; जितका कमी तितकी किडनी कमजोर. तो बघायला शिका. लोडोको-२ मध्ये तो ५० च्या खाली असलेल्यांना घेतलंच नव्हतं. तुमचा आकडा त्याच्या आसपास असेल तर डॉक्टरांना तो मुद्दाम दाखवा, त्यांनी फाइल उलटेपर्यंत थांबू नका. सत्तरी ओलांडलेली, बारीक अंगाची, डायबिटीस असलेली माणसं यात चटकन येतात. रक्तातल्या पेशी आधीच कमी असतील तर तेही सांगा.

एक म्हणजे एकच

हृदयासाठी दिवसाला ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी. जेवणाआधी-नंतर कधीही, फक्त वेळ ठरलेली असू द्या. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

हे सांगावं लागतं, कारण गाउटची जुनी पद्धत लोकांच्या डोक्यात आहे. अण्णा स्वतः पूर्वी गिऱ्हाइकाला सांगायचे, "दर दोन तासांनी एक घ्या, जुलाब लागले की थांबा." तेव्हा डॉक्टरही तसंच सांगत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गाउटचा झटका आला तरी कमी मात्रेने तितकाच आराम पडतो आणि पोट वाचतं. तेव्हापासून ती पद्धत मागे पडली. पण घरात जुनी स्ट्रिप असते, जुनी सवय असते. कोणाला गाउटही आहे आणि हार्टसाठीही कोल्चिसीन चालू आहे, असं असेल तर अंगठा दुखला म्हणून आपल्या मनाने जास्तीची घेऊ नका. फोन करून विचारा.

अण्णांचं गजकर्ण

आता ते महागात पडलेलं.

मागच्या पावसाळ्यात अण्णांना जांघेत गजकर्ण उठलं. कोकणातला जुलै, कपडे वाळत नाहीत, घरोघरी कोणा ना कोणाला असतंच. पण जांघेतलं सुनेला कसं सांगायचं? ते गुपचूप दुसऱ्या गावी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. आयुष्यभर स्वतः औषधं विकलेला माणूस, पण गोळ्यासुद्धा तिथल्याच एका दुकानातून घेऊन आले. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही चालू आहे का?" अण्णांनी सांगितलं, "हार्टचं चालू आहे, नेहमीचं." इथेच घोळ झाला. नेहमीचं म्हणजे काय, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

चार-पाच दिवसांनी जुलाब सुरू झाले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कुळथाच्या पिठीवर खापर फोडलं, मीही पावसातलं पाणी समजून ओआरएस दिलं. आठव्या दिवशी सकाळी अण्णा देवपूजेला पाटावर बसले आणि उठता येईना. हात जमिनीवर टेकले, पुन्हा टेकले, मांड्या साथच देईनात. "गुडघे धरलेत," म्हणाले. पण गुडघ्याला हात लावला तर दुखत नव्हतं, मांडी दाबली की दुखत होतं. ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मी उशीखालून, धोतराच्या घडीखालून शोधलं आणि शेवटी चष्म्याच्या घरात कॅप्सूलची स्ट्रिप सापडली. इट्राकोनॅझोल.

कोल्चिसीन शरीरातून बाहेर काढणारी जी यंत्रणा आहे, तीच इट्राकोनॅझोल बंद पाडतं. म्हणजे अण्णा रोज एकच गोळी घेत होते, पण रक्तात ती कित्येक गोळ्यांइतकी झाली होती. शिवाय त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या अॅटोर्वास्टॅटिनचंही तेच झालं. दोन्ही औषधं स्नायूंवर उतरू शकतात आणि दोघांचीही वाट एकाच वेळी बुजलेली. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर इट्राकोनॅझोलला तसाही मज्जाव असतो, ते तर वेगळंच. हार्टच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तिन्ही थांबवायला सांगितलं आणि त्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके कितीतरी पट वाढलेलं होतं, किडनी सुदैवाने शाबूत होती. पाटावरून आधाराशिवाय उठायला तीन आठवडे लागले. बंद केल्यावरही इट्राकोनॅझोलचा अंमल काही दिवस राहतो, म्हणून कोल्चिसीन लगेच सुरू केलं नाही. महिन्याने, पुन्हा रक्त बघून.

चूक कोणाची यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझ्यापुरतं सांगते. माझ्याच घरातल्या माणसाच्या खिशात गोळ्यांची यादी नव्हती. गिऱ्हाइकांना उपदेश करत होते आणि घरात कोरडी पाषाण.

तर कोल्चिसीन चालू असताना या गोष्टींची नावं पाठ हवीत. गजकर्ण-नायट्यासाठी इट्राकोनॅझोल, तसंच केटोकोनॅझोलच्या पोटात घ्यायच्या गोळ्या. वरून लावायचं मलम चालतं, पण पोटात घ्यायचं काहीही असेल तर आधी विचारायचं. घसा-छातीच्या इन्फेक्शनला मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन. हे कधीकधी लपून येतं. पोटातल्या अल्सरच्या जंतूसाठी दिवसाचा डोस एकत्र बांधलेलं किट मिळतं, त्यात इतर गोळ्यांबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन असतं आणि पेशंट म्हणतो, "अॅसिडिटीचं औषध घेतोय." मग व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, जे हार्टसाठीच दिलेलं असू शकतं. किडनी बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन. एचआयव्हीच्या औषधांतलं रिटोनाव्हिर. यातलं काही चालू असेल तर डॉक्टर कोल्चिसीन देणार नाहीत किंवा मात्रा बदलतील. पण त्यांना माहीत असेल तर.

परदेशी पत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते कोण खातं? पण ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच संकर आहे, आणि पपनस गणपतीत प्रत्येक घरात येतं. एक फोड खाल्ली म्हणून काही होणार नाही, पण रोज वाटीभर खात असाल तर थांबा, असं मी सांगते.

पोट आणि बाकीचं

पहिल्या एक-दोन आठवड्यांत पोट ढिलं होणं, गुरगुरणं बऱ्याच जणांना होतं आणि मग जातं. लोडोको-२ मध्ये आधी ६,५२८ जणांना महिनाभर गोळी देऊन बघितली होती. त्यातले हजारावर पुढे गेलेच नाहीत, आणि त्यात पोट हे मोठं कारण होतं. तेव्हा तुम्हाला सोसली नाही तर त्यात तुमची काही कमतरता नाही. पण जुलाब दोन-तीन दिवसांत थांबले नाहीत, किंवा महिनोन्महिने ठीक असताना अचानक सुरू झाले, तर पिठीला दोष देण्याआधी नवीन कुठली गोळी सुरू झाली ते आठवा. मांड्या-खांदे दुखणं, जिना चढताना पाय न उचलणं, कारण नसताना निळे डाग, हिरड्यांतून रक्त, उतरत नाही असा ताप आणि खोकला, यातलं काहीही झालं की गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करायचा. कोलकॉटमध्ये न्यूमोनिया थोडा जास्त दिसला होता, ०.४ टक्क्यांऐवजी ०.९.

ही वरची गोळी आहे, बदली नाही. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, जी काही चालू आहे ती तशीच राहते. एकाने कोल्चिसीन सुरू झालं म्हणून कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन बंद केलं. का, तर "दोन्ही एकाच कामाला, कशाला दोन?" एकाच कामाला नाहीत. आणि तंबाखूच्या पुडीवर कोल्चिसीनचा काही इलाज नाही, हे मी पुडी खिशात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाच सांगते.

स्ट्रिप उंचावर, कुलपात. नातवंडं असतील तर नक्कीच. कोल्चिसीनच्या विषबाधेवर उतारा नाही, डायलिसिसने ते निघत नाही, आणि पहिले काही तास मूल अगदी बरं दिसू शकतं. कोणी जास्त गोळ्या खाल्ल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता स्ट्रिप हातात घेऊन थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

आणि यादी. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद घ्या. वर नाव, वय, घरच्याचा फोन. त्याखाली प्रत्येक गोळीचं ब्रँडचं नव्हे, आतलं नाव आणि मात्रा. ते स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतं, वाचता आलं नाही तर तुमच्या मेडिकलवाल्याकडून लिहून घ्या, पैसे पडत नाहीत. कोल्चिसीनची ओळ लाल शाईने, आणि समोर: ‘इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नये’. शेवटी ईजीएफआर आणि तपासल्याची तारीख. दाताच्या, डोळ्याच्या, स्किनच्या, कुठल्याही डॉक्टरांकडे बसण्याआधी तो कागद टेबलावर ठेवायचा.

अण्णांचा मी लॅमिनेट करून दिलाय. परवा दुकानात त्यांनी पाकीट उघडलं तेव्हा मागची बाजू दिसली. स्वतःच्या हाताने, मार्करने त्यांनी एक ओळ घातली आहे: ‘पपनस – सुनेला विचारून.’